क्लीनर साइडचा बूट बदलूनही गिअर ऑइल का गळत होतं

गाडी 2012 ची महिंद्रा व्हेरिटो, दीड लिटरचं डिझेल इंजिन. माझ्याकडे आली तेव्हा ऐंशी हजार झाले होते, आता 1 लाख 46 हजार आहेत. तक्रार एकच, पण फिरून फिरून तीच: डावा, म्हणजे क्लीनर साइडचा अ‍ॅक्सल (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा, चाक फिरवणारा शाफ्ट) गिअरबॉक्समध्ये जिथे शिरतो, तिथल्या रबरी बुटातून गिअर ऑइल गळायचं. पहिली दुरुस्ती वीस दिवस टिकली, दुसरी चार महिने. तिसरी मी स्वतः उभं राहून, मापं घेऊन करवली. ती कसारा घाटात एका फेरीत उघडी पडली. त्यानंतर जे सापडलं त्याला चौदा महिने झाले, मध्ये एक अख्खा पावसाळा गेला, आणि गाडीखालचा पुठ्ठा कोरडा आहे. म्हणून आता लिहायला हरकत नाही. माझ्या चुकाही यात आहेत, त्या गाळलेल्या नाहीत.

आधी हे बघून घ्या की तुमच्या गाडीचा बूट याच जातीचा आहे का. बहुतेक गाड्यांत शाफ्टच्या आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटच्या (सांध्याच्या) बुटात ग्रीस असतं. बूट दोन पट्ट्यांनी आवळलेला असतो, एक पट्टी जॉइंटच्या वाटीवर आणि एक शाफ्टवर, आणि तो शाफ्टबरोबर गरगर फिरतो. गिअरबॉक्सचं ऑइल अडवायचं काम वेगळ्या ऑइल सीलकडे असतं. असा बूट फाटला तर ग्रीस उडतं, पण गिअरबॉक्स रिकामा होत नाही.

लोगन-व्हेरिटोच्या (लोगन हे व्हेरिटोचंच आधीचं नाव) डाव्या बाजूला हा हिशोबच वेगळा आहे. तिथे जॉइंटला बाहेरची वाटीच नाही. शाफ्टच्या टोकाला तीन रोलरचा ट्रायपॉड आहे आणि ते रोलर थेट गिअरबॉक्सच्या पोटात, डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) गिअरमध्येच फिरतात. बुटाचं रुंद तोंड लोखंडी पट्टीखाली तीन बोल्टांनी गिअरबॉक्सला जखडलेलं असतं, त्यामुळे बूट फिरत नाही. फिरतो तो शाफ्ट. मग बुटाच्या अरुंद तोंडाशी काय? तिथे एक छोटं सीलबंद बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेलं असतं. बाहेरचं कडं बुटात स्थिर, आतलं कडं शाफ्टबरोबर फिरतं. आत ग्रीस नाही, गिअर ऑइलच खेळतं. म्हणजे दिसायला बूट असला तरी कामाने तो ऑइल सील आहे, आणि तो फाटला तर गिअरबॉक्सचं ऑइल एका प्रवासात रस्त्यावर जाऊ शकतं.

ही मांडणी रेनोची जुनी आहे, 1980 च्या दशकापासूनच्या छोट्या गिअरबॉक्सांपासून चालत आलेली. आपल्याकडे ती लोगनबरोबर 2007 मध्ये आली, तीही आमच्या नाशिकच्याच कारखान्यातून. 2010 मध्ये रेनो महिंद्राबरोबरच्या भागीदारीतून बाहेर पडली, 2011 मध्ये गाडीचं नाव व्हेरिटो झालं, पण पोटातलं यंत्र तेच राहिलं. तुमची गाडी कोणतीही असो, खाली वाकून बघा: गिअरबॉक्सच्या बाजूला आवळणाऱ्या गोल पट्टीऐवजी तीन बोल्ट दिसले तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. याच गाडीच्या उजव्या, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला हा प्रकार नाही. तिथे साधं ऑइल सील आणि ग्रीसचा बूट आहे.

गळतंय नेमकं कुठून

पहिल्या वेळी मी हे केलंच नाही. बुटावर ऑइल दिसलं, बूट बदला म्हटलं. खरं तर गाडीखाली ऑइल दिसलं की आधी दोन गोष्टी ठरवायच्या: ऑइल कुठलं आणि उगम कुठला.

गिअर ऑइल बोटावर घेऊन वास घ्या. गंधकासारखा, सडक्या लसणाच्या जवळ जाणारा उग्र दर्प येतो, आणि एकदा ओळखला की विसरत नाही. डिझेल इंजिनचं ऑइल काळंकुट्ट असतं आणि वास जळका. गिअरबॉक्स आणि इंजिन जिथे जोडलेत त्या सांध्याच्या तळातून थेंब पडत असेल, तर बूट निर्दोष आहे. आत क्लचच्या बाजूचं सील गेलंय, आणि ते काम गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय होत नाही. गिअर लिव्हरची दांडी गिअरबॉक्समध्ये शिरते तिथलंही एक सील असतं. तिथून पाझरलेलं ऑइल हवेने मागे सरकत बुटावर येऊन बसतं आणि बिचाऱ्या बुटाचं नाव होतं.

म्हणून आधी सगळं धुवा. डिझेलमध्ये बुडवलेला ब्रश फिरवा, मग फडक्याने कोरडं पुसा, शेवटी ब्रेक क्लीनर मारा. बूट, तीन बोल्टांची पट्टी, वरचा गिअरबॉक्स, सगळं. कोरडं झालं की त्यावर अंगाला लावायची टाल्कम पावडर फुंकरीने उडवा, पातळ थर बसेल एवढीच. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा आणि पुन्हा खाली जा. पांढऱ्यावर ओली रेघ कुठून सुरू झाली ते लगेच दिसतं.

याच प्रकारच्या बुटात डागाचा आकारही बोलतो. हे मला तिसऱ्या वेळी उमगलं. रुंद तोंडाशी, पट्टीखालून गळत असेल तर तिथलं काहीच फिरत नसल्यामुळे ऑइल नुसतं ओघळतं आणि खाली एका जागी थेंब पडतो. फरशीवरचा डाग रुपयाएवढा, गोल. पण अरुंद तोंडाशी, बेअरिंगच्या सीलमधून येत असेल तर ते फिरत्या शाफ्टवर पडतं आणि शाफ्ट ते भिरकावतो. मग सबफ्रेमवर (इंजिनखालच्या सांगाड्यावर), लोअर आर्मच्या (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) आतल्या अंगावर आणि वरच्या पत्र्यावर एका सरळ रेषेत बारीक शिंतोडे दिसतात, आणि खाली फरशीवर कदाचित काहीच नसतं. मधल्या घड्यांमधून येत असेल तर रबर फाटलंय. घड्या बोटाने ताणून बघा, भेग घडीच्या तळाशी लपलेली असते. पार्किंगमध्ये उंदीर-घुशी असतील तर दातांच्या खुणाही शोधा. माझ्या शेजाऱ्याच्या गाडीत तेच निघालं.

शाफ्ट हाताने वर-खाली हलवूनही बघा. ट्रायपॉडमुळे थोडी हालचाल असतेच, ती दोष नाही. पण खडखड आवाजासह शाफ्ट डुलत असेल तर नवीन बेअरिंगही टिकणार नाही, कारण त्याचं सील रोज एका बाजूला चेपलं जाईल. इंजिनचा खालचा माउंट (इंजिन धरणारा रबरी आधार) दबून खराब झालाय का तेही तेव्हाच पाहा. इंजिन झटक्याने पुढे-मागे झुललं की शाफ्ट तेवढाच आत-बाहेर खेचला जातो.

पहिली दुरुस्ती: फक्त रबर

कॉलनीजवळच्या गॅरेजमध्ये गेलो. फिटरने शाफ्ट उतरवला, फाटलेला बूट कापून काढला आणि नवीन रबर चढवलं. जुनं बेअरिंग तसंच ठेवलं, "बेअरिंगला आवाज नाही साहेब, चांगलंय," म्हणून. त्यावर बूट पट्टीने आवळला आणि वर सवयीने मूठभर ग्रीस आत भरलं. मी शेजारी चहा पीत उभा होतो आणि ग्रीस भरताना बघून मला बरंच वाटलं. कसं काम करतोय, म्हटलं.

यात दोन चुका आहेत. बेअरिंग आवाज करत नाही याचा अर्थ गोळ्या शाबूत आहेत. सीलची ओठासारखी कड झिजलीय की नाही हे आवाजाने कळत नाही. लाखभर किलोमीटर शाफ्टबरोबर घासलेली ती कड नवीन रबराने नवी होत नाही. वीस दिवसांत शिंतोडे परत आले ते तिथूनच. दुसरी चूक ग्रीसची. आतले रोलर गिअर ऑइलवर चालतात. ग्रीस ऑइलात मिसळतं, गोळे होऊन फिरतं, आणि कुठे जाऊन बसेल ते आपल्या हातात नाही. या बाजूला ग्रीसचं बोटसुद्धा लावायचं नाही.

किट घ्याल तर बूट आणि बेअरिंग एकत्र बसवलेलं घ्या. त्यात नवी लॉक रिंगही येते. नुसतं रबर देणारा दुकानदार "तेच आहे हो" म्हणाला तरी घेऊ नका.

दुसरी दुरुस्ती: किट बरोबर, हात चुकला

दुसऱ्या ठिकाणी पूर्ण किट आणून दिलं. पण प्रेस नव्हता. जुनं बेअरिंग छिन्नीने ठोकून काढलं, नवीन पाइप लावून हातोड्याने बसवलं. पाइपचं तोंड बाहेरच्या कड्यावर टेकत होतं, म्हणजे प्रत्येक ठोका गोळ्यांमधून आतल्या कड्याला जात होता. असं बेअरिंग जन्मतःच जखमी. शिवाय ते शाफ्टवर टोकापासून किती अंतरावर बसवायचं याचं माप कोणी घेतलंच नाही. हातोडा थांबला तिथे ते थांबलं. ते बरंच बाहेर, चाकाच्या बाजूला गेलं होतं, त्यामुळे बूट कायम ताणलेला. चाक खाली गेलं की आणखी ताण.

आणि पट्टीखाली सिलिकॉन. लाल, भरपूर. बुटाच्या रुंद तोंडाला स्वतःची जाड कड असते, तीच गॅस्केट. तिच्याखाली सिलिकॉन घातलं की कड नीट बसत नाही, बोल्ट आवळताना घसरते, आणि दाबाने आत गेलेला सिलिकॉनचा दोरा गिअरबॉक्समध्ये पडतो. पुढच्या वेळी ऑइल काढलं तेव्हा त्यात तांबडे तुकडे तरंगताना मी पाहिले.

तरी चार महिने निघाले. पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा पुठ्ठ्यावर डाग.

तिसरी दुरुस्ती, सविस्तर

आता मी वैतागून स्वतः उतरलो. ओळखीचे एक वयस्क मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे खड्डा आहे. आणि दोन गल्ल्या पलीकडे लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस. रविवार सकाळ धरून केलेलं काम असं.

गाडी सपाट जागी. चाक जमिनीवर असतानाच, एकाने ब्रेक दाबून धरून, हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) मोठा नट सैल केला. मग जॅक, आणि जॅकच्या जोडीला स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, कितीही घाई असो.

ऑइल काढण्याआधी भरायचा नट उघडतो का ते बघायचं. हा नियम सगळ्या गिअरबॉक्सांना लागू आहे: खालचा नट उघडून ऑइल सांडून बसलात आणि वरचा उघडलाच नाही, तर गाडी तिथेच. आमच्या गाडीत भरायचं बूच पुढच्या अंगाला आहे, मोठं, प्लॅस्टिकचं, हाताने फिरतं. खालच्या ड्रेन नटाला 8 मिलिमीटरचा चौकोनी खाचा आहे. साधा पाना चालत नाही, आणि स्क्रूड्रायव्हरने खटपट केली तर खाचा गोल होतो. चौकोनी चावी आधी मिळवा.

ऑइल एका ट्रेमध्ये घेतलं आणि लिटरच्या पाण्याच्या बाटलीने मोजलं. सव्वा लिटर निघालं. नंतर भरताना त्याच्या दुपटीहून जास्त गेलं. म्हणजे इतके दिवस मी अर्ध्याहून कमी ऑइलवर गाडी पळवत होतो, आणि पाचव्या गिअरला येणारी बारीक शिट्टी टायरची समजत होतो.

मग ब्रेक कॅलिपर सोडून तारेने वर टांगला, होजला लोंबकळू दिला नाही. टाय रॉडचं (स्टिअरिंगकडून चाकाला येणाऱ्या दांडीचं) टोक सुटं केलं. शॉकअपला हब धरणारे दोन बोल्ट काढले, हब बाहेर झुकवला आणि शाफ्टचं बाहेरचं टोक हबमधून सोडवलं. बाहेरचा जॉइंट जास्त वाकवायचा नाही. शेवटी गिअरबॉक्सकडचे तीन बोल्ट काढले आणि शाफ्ट सरळ, आडव्या रेषेत ओढला. तीन रोलर नुसते खुंट्यांवर असतात, बाहेर येताच टपाटप पडू शकतात. प्रत्येक रोलर ज्या खुंटीवर घासून बसलाय त्यावरच परत जायला हवा, म्हणून बाहेर आल्या आल्या मिस्त्रींनी तिन्हींभोवती चिकटपट्टी गुंडाळली. "पडला की कोणता कुठला, देवाला माहीत," म्हणाले.

ट्रायपॉड आणि शाफ्टवर रंगाचा एकेक ठिपका दिला, म्हणजे परत त्याच कोनात बसेल. लॉक रिंग काढून ट्रायपॉड पुलरने ओढला. ठोकला नाही.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हिला पाच मिनिटंही लागत नाहीत: जुनं बेअरिंग काढण्याआधी शाफ्टच्या टोकापासून बेअरिंगच्या कडेपर्यंतचं अंतर व्हर्निअरने मोजून वहीत लिहायचं. माझी अडचण अशी की दुसऱ्या गॅरेजने ते आधीच चुकीच्या जागी बसवलं होतं, त्यामुळे तिथलं माप घेऊन उपयोग नव्हता. पण शाफ्ट पुसल्यावर मूळ बेअरिंगची जागा दिसली, वेगळ्या चकाकीचा एक पट्टा. तो पंधरा मिलिमीटर तरी आत, गिअरबॉक्सच्या बाजूला होता. मी ते माप धरलं आणि वर्कशॉप मॅन्युअलशी ताडून पाहिलं, जुळलं. तुमच्या शाफ्टला कोणी हात लावला नसेल तर जुन्या बेअरिंगची जागा हेच तुमचं माप. कुणाच्या गाडीचा आकडा ऐकून बसवू नका, शाफ्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात.

लेथवाल्याने जुनं बेअरिंग प्रेसवर उतरवलं. नवीन बसवण्यासाठी पाइपचा असा तुकडा कापून दिला की त्याचं तोंड फक्त आतल्या कड्यावर टेकेल. शाफ्टला पॉलिश पेपरने पुसलं, ऑइलचा हात दिला, आणि हळूहळू दाब. मापावर खडूची खूण होती, तिथे थांबलो. दोन मिलिमीटर पुढे गेलं असतं तर परत काढावं लागलं असतं, आणि काढलेलं बेअरिंग पुन्हा वापरायचं नसतं.

गिअरबॉक्सचा चेहरा, जिथे बुटाची कड बसते, तिथलं लाल सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडलं. अ‍ॅल्युमिनियम आहे, स्क्रूड्रायव्हरने एक ओरखडा गेला की तीच नवी गळती. खरवडताना भोकात फडकं कोंबून ठेवलं होतं. कड कोरडी बसवली, तिन्ही बोल्ट हाताने लावले, मग थोडं थोडं करत आळीपाळीने आवळले. एकच आधी पूर्ण आवळला तर कड एका बाजूला उचलली जाते. हबला नवीन नट लावला, आणि पुढच्या दिवशी अलाइनमेंट करून घेतली, कारण शॉकअपचे बोल्ट निघाले होते.

ऑइल: पुस्तिकेत 75 डब्ल्यू 80 (ऑइलच्या घट्टपणाचा नंबर) लिहिलंय. गॅरेजमध्ये सर्रास "नव्वद नंबर टाका, घट्ट असतं, गळणार नाही" असं सांगतात. घट्ट ऑइल गळती थांबवत नाही, फक्त हळू करते. आणि डिसेंबरात नाशिकच्या थंडीत सकाळी पहिल्या-दुसऱ्या गिअरला लाकडासारखं अडकतं. सपाट जागेवर, बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरायचं. परत बाहेर यायला लागलं की थांबा. "थोडं जास्त असू दे" हा प्रेमळपणा सीलला बाधतो.

आणि तरीही

तीन आठवडे सगळं कोरडं. मग मुंबईला जाऊन आलो. परतीला कसारा चढून घोटीला चहासाठी थांबलो, सवयीने खाली वाकलो, तर लोअर आर्मच्या आतल्या अंगाला शिंतोड्यांची सरळ रेघ. ताजी. बेअरिंगच्या सीलमधून.

मला रडू यायचं बाकी होतं. मिस्त्रींना फोन लावला. ते एकच बोलले, "गाडी गरम आहे तोवर इकडे आण. थंड होऊ देऊ नको."

तसाच नाशिकला त्यांच्याकडे गेलो. त्यांनी हातमोजा चढवला, भरायच्या बुचावर फडकं ठेवलं आणि बूच हळूहळू फिरवलं. फुस्स. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबावा तसा आवाज, आणि फडक्यावर ऑइलची बारीक वाफ. मिस्त्री म्हणाले, "बूट काय करील बिचारा? तुझ्या गिअरबॉक्सचं नाक बंद आहे."

गिअरबॉक्स हवाबंद नसतो. त्याच्या माथ्यावर श्वास घ्यायला एक छोटी नळी असते, ब्रीदर, वर टोपी. चालून चालून गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर जाते. वाट बंद असेल तर साधा हिशोब: 30 अंशांवरून 90 अंशांवर गेलेल्या कोंडलेल्या हवेचा दाब सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो. ओठाची सीलं थेंब अडवायला केलेली असतात, दाब झेलायला नाही. दाब सगळ्यात मऊ जागा शोधतो, आणि या गाडीत ती जागा म्हणजे हा बूट. घाटात जास्त तापतं म्हणून घाटातच गळतं. गावात दहा किलोमीटरच्या फेऱ्यांत काहीच दिसत नाही. थंड होताना उलटं होतं, आत ओढ निर्माण होते, आणि पावसात त्याच सीलमधून पाणी आत खेचलं जाऊ शकतं. गिअर ऑइल कधी दुधाळ चहासारखं निघालं तर हे लक्षात घ्या.

बॅटरी आणि एअर फिल्टरचा पाइप बाजूला केल्यावर ब्रीदर दिसला. टोपी कधीच उडालेली. नळीच्या तोंडात वाळलेली, गुळगुळीत माती, अगदी लिंपून बसवल्यासारखी. मी चिखल म्हणालो. मिस्त्रींनी नखाने पापुद्रा उचलला, तर आत पोकळी आणि एका वाळक्या अळीचं टरफल. कुंभारीण माशी. भिंतीच्या कोपऱ्यात, कुलपाच्या भोकात मातीचं घर बांधते तीच.

आणि मग तारखा जुळल्या. वडिलांच्या आजारपणात गाडी दिंडोरीजवळ गावी, द्राक्षबागेच्या शेडमध्ये अडीच महिने उभी होती. पहिली गळती त्यानंतर सहा आठवड्यांनी. पहिल्या वेळी बूट खरोखर म्हातारा झाला होता हे खरं, पण त्याला धक्का देणारी ही माशी होती. दोन गॅरेजांना मी मनातल्या मनात दिलेल्या शिव्यांपैकी अर्ध्या परत घ्याव्या लागल्या. अर्ध्याच.

मी उत्साहाने तार घेऊन नळीत घालायला निघालो, तर मिस्त्रींनी हात धरला. तारेने माती खाली, थेट गिअरांवर पडली असती. आधी आजूबाजूची जागा पुसायची, मग ब्रीदर ओढून काढायचा, भोकावर लगेच स्वच्छ फडकं, आणि माती बाहेर टेबलावर कोरायची. पेट्रोलने धुऊन हवा मारली, तोंडाने फुंकून वाट मोकळी आहे याची खात्री केली. टोपी मिळेना, म्हणून नळीवर वीतभर रबरी पाइप चढवून त्याचं तोंड खाली वळवलं, आणि तोंडाला चहाच्या जुन्या गाळणीची जाळी तारेने बांधली. पाइपला कुठे मोड पडू दिला नाही, नाहीतर पुन्हा तेच.

बूट मात्र बदलला नाही. सील फुटलं नव्हतं, दाबाने फक्त ओठ उघडत होता. धुतलं, पावडर मारली, पातळी पुन्हा भरली. चारशे किलोमीटरनंतर, त्यात त्र्यंबकची एक फेरी धरून, पावडर तशीच पांढरी. त्यानंतर कसारा सहा-सात वेळा झाला.

तेव्हा तुमच्याकडे बूट नवा आणि गळती जुनी असेल, तर पुन्हा शाफ्ट उतरवण्याआधी वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवून हा बुचाचा प्रयोग करा. हातमोजा घाला, ऑइल भाजतं. आवाज आला तर आधी ब्रीदर. आवाज नाही आला तर वर लिहिलेल्या क्रमाने बेअरिंगचं माप, पट्टीखालची कड आणि शाफ्टचं डुलणं तपासा.

खर्च माझा असा झाला: किट चौदाशे, प्रेसचे दोनशे, ऑइल वेगळं, अलाइनमेंट वेगळी. ब्रीदरला शून्य रुपये, गाळणी घरातली; तिच्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं ते निराळं. पहिल्या दोन गॅरेजांचा हिशोब मी मुद्दाम करत नाही.

एक काम बाकी आहे. त्या दाबाच्या दिवसांत उजव्या बाजूचं ऑइल सीलही थोडं ओलावलं होतं. थेंब पडत नाही, पण बोट फिरवलं तर तेलकट लागतं. क्लच आता वरून धरायला लागलाय, येत्या काही महिन्यांत गिअरबॉक्स उतरेलच. तेव्हा ते सीलही त्याच्याबरोबर बदलून घेईन. नवीन सील आणून ठेवलंय, गाळणीच्या जागी घेतलेल्या नव्या गाळणीबरोबरच बिल झालं.